धर्मपालच्या नावाचा थेंब

डॉक्टरांनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखालून काढली, दुसरी सरकवली आणि नळीवरचं चाक बोटानं अर्धा वेढा फिरवलं. मग पहिली काच पुन्हा लावून पाहिली. समोरच्या बाकावर कौसल्या नलूला मांडीवर घेऊन बसली होती. नलूचे दोन्ही हात मनगटापासून सुजलेले होते. पाच वर्षांची पोर, पण त्या हातांनी ती कशालाच शिवत नव्हती.

"आईत आहे," डॉक्टर म्हणाले. "मुलीत तर पुरतंच आहे. बापाचं काय निघालं होतं, घनश्याम?"

घनश्याम त्यांचा मदतनीस. रजिस्टर हातावर तोलून त्यानं बोटानं ओळ शोधली.

"धर्मपाल. गेल्या आठवड्यात बोरी अरबच्या बाजारात घेतलेला नमुना. साफ आहे, साहेब."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. साफ."

डॉक्टर नागपूरहून आले होते. रक्ताचा एक आजार या भागातल्या लोकांत असल्याचं चार-पाच वर्षांपूर्वीच ध्यानात आलं होतं. तोवर असल्या पोरांना कुणी हिवतापाच्या गोळ्या देई, कुणी वात म्हणून तेल चोळायला सांगे. रक्तातल्या गोल पेशी हवेच्या अभावी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडं ठणकतात, हातपाय सुजतात. हे पाहण्याची रीत सोपी होती. बोट टोचून थेंब काचेवर घ्यायचा, वर पातळ काच ठेवायची, कडा व्हॅसलीननं बंद करायच्या आणि एक दिवस वाट पाहायची. कोंडलेल्या पेशी दुसऱ्या दिवशी आपलं खरं रूप दाखवीत.

"लक्षात घ्या," डॉक्टर शेजारच्या तरुण विद्यार्थ्याला म्हणाले, "एका बाजूनं आलं तर माणूस धडधाकट असतो, नुसता वाहून नेतो. दोन्ही बाजूंनी आलं तरच असं होतं. आता इथं आई आहे आणि बाप नाही." ते जरा हसले. "म्हणजे बापाची चौकशी आपल्याला दुसरीकडे करावी लागणार."

विद्यार्थीही हसला. गावातल्या शाळेची ओसरी ती. बोट टोचून घ्यायला आलेली वीसेक माणसं रांगेत उभी होती. त्यांच्यातलं कुणी हसलं नाही, पण कळलं सगळ्यांना.

कौसल्यानं मान वळवून खांबाकडे पाहिलं. तिथं तिचा नवरा धर्मपाल उभा होता. खिशाला पेन, पायांत स्वच्छ वहाणा. सात वर्षांपूर्वी, छप्पन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यानं आपलं बळीराम हे नाव टाकलं होतं. वस्तीत कुणी नवस बोलताना दिसलं की हा माणूस तासभर बोलत असे. आता तो आपल्या वहाणांकडे पाहत होता.

डॉक्टरांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

त्या दिवसापासून सासूनं, पंचफुलानं, पाण्याचा हंडा आतल्या खोलीत ठेवायला सुरुवात केली. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरीवर लांब उभं राहून पाणी मागितलं, तिनं आपल्या घरात सुनेचा हात हंड्याला लागू दिला नाही. माणसं इतक्या लवकर विसरतात. आणि वर ती दारोदार सांगत फिरली.

"माह्या पोराचं रक्त साफ निंगालं बाप्पा. सायबानं यंत्रात पाह्यलं. माह्या पोरात खोट नाही."

लग्न जमल्याची बातमी सांगावी तशी ती हे सांगे. विहिरीवर कौसल्या गेली की बाया दोराकडे पाहत राहत. नलूच्या आधी एक मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला होता. त्याचाही विषय आता निघू लागला.

धर्मपाल रोज गवंडीकामाला जाई, संध्याकाळी येई, नलूचे हात कोमट पाण्यात धरून बसे. पोरीवरची त्याची माया तसूभर कमी झाली नव्हती. कौसल्याशी मात्र तो बोलत नव्हता. वस्तीतले नानाजी पंचांपैकी. त्यांनी ओट्यावर बसून त्याला विचारलं, "मंग काय करतं रे? सोडतं का तिले?"

आत चुलीपाशी कौसल्यानं कान टवकारले.

"पाहू," धर्मपाल म्हणाला.

नाही म्हणायला एक श्वास लागतो. त्याला तोही महाग झाला. येत्या रविवारी वंदना झाली की विहारात बैठक बसवायची आणि कौसल्यानं पोरीला घेऊन कायमचं लाडखेडला, माहेरी जायचं की कसं ते ठरवायचं, असं नानाजींनी सांगितलं. धर्मपालनं मान हलवली.

कौसल्या रडली नाही. भाकरी थापताना, शेण काढताना ती संसाराची सात वर्षं चाळत राहिली. आपण कुठं गेलो होतो, कुणाशी बोललो, कापूस वेचताना कुणाच्या शेजारी बसलो. न केलेलं पाप ती स्वतःतच शोधू लागली होती. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला डॉक्टरचा आला नव्हता इतका राग स्वतःचा आला. गुरुवारी सकाळी तिनं नलूला कडेवर घेतलं आणि कुणाला न सांगता दोन कोस चालत बोरी अरब गाठलं.

डॉक्टरांचा मुक्काम तिथल्या शाळेत होता. ते आजारी पाहायला एका तांड्यावर गेले होते. घनश्याम एकटाच काचा धूत होता.

"माहं रक्त पुन्हा घ्या," कौसल्या म्हणाली. "आन पोरीचं बी."

"बाई, तुमचं चुकलेलं नाही. पुन्हा घेऊन काय होणार?"

"मंग काय लिवलं ते दाखवा."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"मले वाचता येते."

घनश्यामनं हात पुसले आणि रजिस्टर उघडून तिच्यापुढे ठेवलं. दाखवल्यानं काही बिघडत नव्हतं. कौसल्यानं नलूला बाकावर बसवलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेली. आपलं नाव सापडलं. त्यापुढे तिची स्वतःची सही होती. कौ मोठा, बाकीची अक्षरं उताराला लागलेली. मग तिनं चार पानं मागे उलटली. बोरी अरबच्या बाजाराची तारीख. धर्मपाल. धर्म बौद्ध. वय अठ्ठावीस. आणि त्यापुढे निळ्या शाईचा जाडजूड अंगठा.

तिनं बोट तिथंच ठेवलं.

"हा कोनाचा?"

"तुमच्या नवऱ्याचा. नाव त्याचंच आहे ना?"

"आमच्या घरचे आंगठा नाही देत."

धर्मपालचा तो नियमच होता. ज्याला आपलं नाव लिहिता आलं त्यानं यापुढे कुठल्याही कागदावर अंगठा द्यायचा नाही, मग कागद सोसायटीचा असो की रेशनचा. वस्तीतल्या बायांना त्यानं रविवारी दुपारी पाट्या घेऊन बसवलं होतं. कौसल्याला पहिल्यांदा. एकदा तलाठ्यानं घाई आहे म्हणून शाईचा डबा पुढे केला, तर या माणसानं त्याला अर्धा तास थांबवून ठेवलं आणि सही करूनच उठला.

घनश्याम वाकून पाहू लागला. मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

"थांबा. खिशाला पेन लावतो तो तुमचा नवरा?"

"हो."

"त्या दिवशी बाजारात तो माझ्याशी भांडला होता. रकान्यात मी जुनी जात लिहिली होती. त्यानं ती खोडायला लावली. बौद्ध लिहा, माझ्या एकट्याचं नाही, सगळ्या वस्तीचं लिहा, म्हणाला. मला लिहावं लागलं." तो थांबला. "पण बोट दिलं ते दुसऱ्यानं. याच्याबरोबर एक धिप्पाड माणूस होता. हा म्हणाला, घ्या, आणि तो पुढे झाला. मी गर्दीत होतो. नाव विचारलं, त्यानं धर्मपाल सांगितलं."

"कानात बाळी होती?"

"होती."

उकंडा. धर्मपालचा लंगोटीयार. बैलाला शिंगांनी धरून थांबवणारा माणूस. बाजार झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो वणीला कोळशाचे ट्रक भरायला गेला होता, त्याला मागचं काहीच ठाऊक नसणार.

"डॉक्टरसायेब उद्या हायेत?" कौसल्यानं विचारलं.

"आहेत. शनिवारपर्यंत आहेत."

परतताना पहिला कोसभर तिला चालल्यासारखं वाटलंच नाही. नलू कडेवर आहे हेही ती विसरली. तिच्या वागण्यात खोट निघाली नव्हती. यंत्र खोटं नव्हतं आणि तीही खोटी नव्हती. घरी जाऊन सांगायचं आणि संपलं. नवऱ्याच्या मनातला संशय एका वाक्यात जाणार होता.

नाल्याच्या पाण्यात पाय घातला आणि ती थांबली.

संशय कसला? त्याला तर ठाऊक होतं. रक्त उकंडाचं होतं हे ओसरीत खांबाला टेकून उभं असताना त्याला ठाऊक होतं. हंडा आत गेला तेव्हा, नानाजींनी विचारलं तेव्हा, त्यानं पाहू म्हटलं तेव्हाही. आठ दिवस ती ज्या तोंडाकडे भीत भीत पाहत होती त्या तोंडामागे सगळं उत्तर होतं आणि तो मूग गिळून बसला होता. पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं, थंड. कौसल्याच्या कानशिलांतून मात्र वाफा निघत होत्या. पोर रडू लागली तेव्हा ती पुढे निघाली.

धर्मपाल त्या दिवशी घरीच होता. मागच्या भिंतीला गिलावा करत होता. पंचफुला शेतात गेली होती. कौसल्यानं नलूला सावलीत टेकवलं आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"बोरीच्या बजारात बोट देलतं ना तुमी?"

"देलतं."

"कोनतं?"

थापी भिंतीवर थांबली. त्यानं डाव्या हाताची करंगळी जराशी वर केली. मग तिच्या शेजारचं बोट.

"आन आंगठा?"

थापीवरचा गारा खाली पडला. धर्मपालनं तो उचलला नाही. भिंतीकडचं तोंडही त्यानं वळवलं नाही.

"दादा गेला तवा बारा वर्साचा होता," तो म्हणाला. "असाच. हात सुजे, पाय सुजे, डोळे पिवळे. माय वीट तापवून शेकत बसे. डॉक्टरानं बजारात सांगतलं का हे घराण्यातून येते. मले वाटलं, माह्यातच निंगन. सारी वस्ती माह्या तोंडाकडे पाह्यते. मी त्याइले शास्त्र सांगून राह्यलो. आन माह्याच रक्तात खोट निंगाली त..."

"त काय?"

"मले पाहाचंच नव्हतं. उकंडाले म्हटलं, तू दे."

"आन माह्यावर आलं तवा?"

त्यानं थापी गाऱ्यात खुपसली.

"मले वाटे तुमाले शक आला," कौसल्या म्हणाली.

आता तो वळला. काहीतरी हाती लागल्यासारखा घाईनं बोलला.

"नाही. शक नाही आला. एक घडी बी नाही, नलूच्या आंगावर हात ठेवून सांगतो."

तो हे तिला दिलासा म्हणून देत होता. दोन्ही हातांनी देत होता. इतकं शिकलेल्या माणसाला इतकं कळू नये याचं तिला नवल वाटलं.

"शक आला असता त मी माफ केलं असतं," ती म्हणाली. "शक आलेल्या मानसाले दिसत नाही. तुमाले त सारं दिसून राह्यलं होतं."

ती नलूजवळ जाऊन बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या बोरीले चाला. बोट द्या. सही करून."

शुक्रवारी त्यानं बोट दिलं आणि सही केली. शनिवारी दोघंही पुन्हा गेली. डॉक्टरांनी काच लावली, पाहिलं, आणि धर्मपालला खूण केली. तो वाकला. त्यानं एक डोळा मिटला, मग दुसरा, आणि मग त्याला दिसलं. ज्या रक्ताला वस्तीभर साफ म्हणून मिरवलं गेलं ते त्याचं कधी नव्हतंच. त्याचं हे होतं, सगळे विळेच विळे. तो सरळ झाला तेव्हा त्याच्या डोळ्याभोवती नळीचा गोल वळ उमटला होता.

"बाई, जरा आत या," डॉक्टर म्हणाले आणि शाळेच्या खोलीचं दार लोटू लागले.

"राहू द्या उघडं," कौसल्या म्हणाली. "त्या दिशी बी उघडंच होतं."

ओसरीत माणसं होती. डॉक्टर दारातच घुटमळले. "हे पाहा, मुलगी यांचीच आहे. आता काही शंका नाही. पण चूक आमची नव्हती, नमुनाच चुकीचा आला होता."

"नमुना याइचा चुकला. बोललं ते तोंड तुमचं होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांच्या आयुष्यात त्यांच्याशी असं कुणी बोललं नसावं, निदान अनवाणी बाईनं तर नाहीच. तरी माणूस अगदीच कोडगा नव्हता. "हो," ते म्हणाले, ओसरीला ऐकू जाईल इतपत. "मी तसं बोलायला नको होतं. माझं चुकलं."

मग त्यांनी नलूचं सांगितलं. पाणी भरपूर पाजायचं. थंडीत पोर उघडी ठेवायची नाही. उन्हात पळू द्यायची नाही. ताप आला की वाट न पाहता दवाखाना गाठायचा. कौसल्यानं प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवली.

"बरी होईन का?"

"बरं करणारं औषध अजून निघालेलं नाही. जगात कुठंच नाही. पण नीट जपलं तर त्रास कमी होईल."

वाटेनं धर्मपालनं नलूला घेतलं. नाल्यापाशी तो म्हणाला, "उद्या मी बैठकीत सांगतो. तू फिकर नको करू."

रविवारी सकाळी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. त्रिशरण झालं, पंचशील झालं. बैठक कशासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी उठलं नाही. धर्मपाल उभा राहिला. तो बोलायला लागला की वस्तीला ऐकत राहावंसं वाटे, त्या दिवशीही वाटलं. रक्तातल्या पेशी गोल असतात, वाकल्या की विळा होतो, विळा नसांत अडकतो, असं त्यानं हातानं हवेत काढून दाखवलं. देवीचा कोप नाही, करणी नाही, कुणाचं पाप नाही. आईकडून एक वाटा येतो आणि बापाकडून एक.

"रजिस्टरमधी गडबड झालती," तो म्हणाला. "काल पुन्हा तपासलं. माह्यात बी हाये. नलू माहीच पोरगी हाये. दोघाइत हाये म्हणजे दोष कोनाचाच नाही."

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. पंचफुला पोराच्या तोंडाकडे पाहतच राहिली. मग तिला आपला थोरला आठवला असावा, कारण तिनं पदर डोळ्यांना लावला.

"म्हंजे डॉक्टराची चूक," नानाजी म्हणाले. "नागपूरच्या सायबाइचं असंच असते बाप्पा. घ्याचं एकाचं आन लिवाचं दुसऱ्याचं."

हशा पिकला. वातावरण मोकळं झालं. पंचफुला चटईवर जराशी सरकली आणि तिनं शेजारची जागा हातानं झाडली, सुनेसाठी. विहिरीवर तोंड फिरवणाऱ्या बायांपैकी एकीनं नलूचा गाल कुरवाळला. आता फक्त कौसल्यानं जाऊन तिथं बसायचं होतं.

ती उभीच राहिली.

"चूक डॉक्टराची नव्हती, नानाजी," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आंगठ्याचं सांगा."

"कौसल्ये," धर्मपाल हळूच म्हणाला, "झालं ना आता. तुह्यावरचं गेलं."

"माह्यावरचं गेलं. कोनी टाकलं ते सांगा."

 कुणाला काही कळलं नव्हतं. धर्मपालनं नानाजींकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, मग पुढच्या रांगेत बसलेल्या बायांकडे, ज्यांचा हात धरून त्यानं पाटीवर नावं गिरवून घेतली होती. त्या त्याच्याकडे बघत होत्या. तो पुढचं काही शिकवील म्हणून वाट पाहत होत्या.

तो खाली बसला. मग वस्तीत पहिल्यांदाच, उभं न राहता, बसल्या जागेवरून, बाजारातल्या त्या अंगठ्यापासून बोलू लागला.